एसी-8: जुन्या वाटा आठवणारी कॉन्डोर मादी

2003 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियाच्या कर्न काउंटीत, तेहोन रँच नावाच्या अवाढव्य खासगी जमिनीवर, ओकच्या झाडाखाली एक कॉन्डोर मादी मेलेली सापडली. कॉन्डोर म्हणजे मढ्यांवर जगणारा, गिधाडासारखा प्रचंड पक्षी. ती झाडावर बसलेली असताना रानडुकरांच्या शिकारीला आलेल्या एकाने तिच्यावर गोळी झाडली होती. नोंदवहीत तिचं नाव एसी-8. रानातून पकडलेली शेवटची कॅलिफोर्निया कॉन्डोर मादी हीच. चौदा वर्षं पिंजऱ्यात काढून ती पुन्हा रानात आली आणि आपल्या जुन्या मुलखात तीन वर्षंही तिला पुरती मिळाली नाहीत.

कॉन्डोर वाचवण्याच्या मोहिमेची गोष्ट बहुतेक वेळा आकड्यांत सांगितली जाते. 1982 मध्ये उरलेले 22 पक्षी, 2023 च्या अखेरीला 561, त्यांतले 344 मोकळे. आकडे खरे आहेत आणि अभिमान वाटावा असेच आहेत. पण एसी-8 चं प्रकरण नीट पाहिलं की या आकड्यांत न मावणारी एक गोष्ट समोर येते. थवा पुन्हा उभा करायचा तर पक्षी लागतात, तसंच त्या पक्ष्यांना मुलूख शिकवणारं कुणीतरी लागतं. हे शिकवणं ज्यांच्याकडे शिल्लक होतं अशा मोजक्या जिवांपैकी ती एक होती. तिला ठाऊक असलेल्या मुलखानेच तिचा घात केला, म्हणून हे प्रकरण मला इतकं महत्त्वाचं वाटतं.

पकडण्याआधीचं रान

एसी-8 कधी जन्मली हे कुणालाही माहीत नाही. एसी म्हणजे प्रौढ कॉन्डोर, आणि आठ हा तिला मिळालेला क्रमांक. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला उडत्या कॉन्डोरांचे फोटो काढून, पंखांतली गळालेली आणि नव्याने येणारी पिसं ताडून एकेक पक्षी वेगळा ओळखण्याचं काम सुरू झालं. तोवर किती कॉन्डोर उरलेत हे अंदाजानेच सांगितलं जाई. फोटो एकमेकांशेजारी ठेवल्यावर कळलं की पक्षी समजले जात होते त्याहूनही कमी आहेत. त्या मोजणीत एसी-8 आली तेव्हा ती पूर्ण वाढलेली होती. कॉन्डोराचं काळं डोकं नारिंगी व्हायला आणि पंखाखालचा पांढरा त्रिकोण स्वच्छ उमटायला पाचसहा वर्षं लागतात. म्हणजे मेली तेव्हा ती पंचविशीच्या बरीच पुढे गेलेली असणार. कॉन्डोर साठ वर्षांपर्यंत जगू शकतो.

तिचा मुलूख सॅन वाकीन खोऱ्याच्या दक्षिण टोकाला घोड्याच्या नालेच्या आकारात वळसा घालतो. पश्चिमेला किनाऱ्यालगतचे डोंगर, दक्षिणेला व्हेंचुरा आणि सांता बार्बराच्या उभ्या कडेकपारी, पूर्वेला टेहॅचॅपीचे गवताळ डोंगर आणि तिथून वर सिएरा नेवाडाचा पायथा. घरटी कड्यांतल्या कपारींत. चारा मात्र लांब, गवताळ टेकड्यांवर, जिथे गुरं चरतात आणि हरणं असतात. पंखांचा पसारा साडेनऊ फूट आणि वजन आठ ते दहा किलो. एवढा पक्षी पंख मारत हिंडू शकत नाही. तो उन्हाने तापून वर चढणाऱ्या हवेवर स्वार होतो आणि एका दिवसात दोनशे किलोमीटरच्या वर अंतर सहज कापतो. मात्र कुठल्या धारेवर सकाळी किती वाजता वारा उठतो, हरणांच्या शिकारीचा हंगाम कुठल्या टेकड्यांवर असतो, गाई कुठे वितात, पाणी कुठे आहे, हे कळल्याशिवाय असं हिंडता येत नाही. कॉन्डोराला वास फारसा येत नाही. तो नजरेने शोधतो, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्यांवर नजर ठेवून शोधतो: डोमकावळे कुठे उतरताहेत, सोनेरी गरुड कशावर बसलाय, आपल्यातले थोरले कुठे वळले.

एका जोडीचं एका खेपेला एकच अंडं असतं. उबवायला साधारण 57 दिवस, पिल्लू उडायला सहाएक महिने, आणि उडू लागल्यावरही ते महिनोन्‌महिने आईबापांच्या मागे असतं. त्यामुळे बहुतेक जोड्यांचं दोन वर्षांत एकच पिल्लू होतं. हा सगळा लांबलेला काळ मला शाळेसारखा वाटतो. एवढा वेळ जी जात एका पिल्लावर घालते, तिच्या पिल्लांना शिकण्यासारखं पुष्कळ असलं पाहिजे.

सगळे पकडायचे की नाही

1984-85 च्या हिवाळ्यात सहा कॉन्डोर नाहीसे झाले. पाच जोड्यांपैकी चार मोडल्या. रानात उरले नऊ. त्याआधीपासूनच माणसांत मोठा वाद पेटलेला होता. 1980 मध्ये घरट्यात वजन आणि मोजमाप घेत असताना एक पिल्लू अभ्यासकांच्या हातात दगावलं होतं, आणि 'हात लावू नका' म्हणणाऱ्यांना त्यामुळे जोर आला होता. डेव्हिड ब्राउवर यांच्यासारखे ज्येष्ठ पर्यावरणवादी पिंजऱ्यातल्या प्रजननाच्या विरोधात होते. त्यांच्या मते मुलूख वाचवला नाही तर पिंजऱ्यातला कॉन्डोर हा कॉन्डोरच नाही. दुसरी बाजू म्हणत होती की मुलूख वाचेपर्यंत पक्षीच उरणार नाहीत.

1982 मध्ये घडलेल्या एका गोष्टीने दुसऱ्या बाजूला बळ मिळालं होतं. एका घरट्यावर पाळत ठेवणाऱ्या अभ्यासकांसमोर नर-मादीचं भांडण जुंपलं. अंड्यावर कुणी बसायचं यावरून. त्या ओढाताणीत अंडं कपारीतून घरंगळून कड्याखाली गेलं. उरलेल्या कॉन्डोरांतलं एक अंडं डोळ्यांदेखत गेलं. पण काही आठवड्यांनी त्याच जोडीने दुसरं अंडं घातलं. म्हणजे पहिलं अंडं काढून घेतलं तर जोडी पुन्हा अंडं देते. या एका निरीक्षणावर पुढचा सगळा कार्यक्रम उभा राहिला. घरट्यातून अंडी उचलायची, प्राणिसंग्रहालयात उबवायची आणि जोडीला दुसरं अंडं घालू द्यायचं. 1983 मध्ये सॅन डिएगोत अशा अंड्यातून पहिलं पिल्लू बाहेर आलं.

1985 च्या शेवटी सरकारच्या वन्यजीव विभागाने उरलेले सगळे पक्षी पकडायचं ठरवलं. नॅशनल ऑड्युबॉन सोसायटी ही पक्षी वाचवण्यासाठी काम करणारी संस्था कोर्टात गेली. रानात एकही पक्षी राहिला नाही तर मुलूख राखायला कारणच उरणार नाही, जमिनी विकल्या जातील, आणि पुढे सोडलेल्या पिल्लांना वाट दाखवायला कुणी असणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. खालच्या कोर्टाने सरकारला थांबवलं, वरच्या कोर्टाने ती मनाई उठवली. दरम्यान 1986 च्या जानेवारीत एक मादी शिशाच्या विषबाधेने मेली. एसी-8 त्या वर्षीच्या जूनमध्ये पकडली गेली. एसी-9 हा तरुण नर 1987 च्या 19 एप्रिलला पकडला गेला आणि रान पूर्ण रिकामं झालं. पिंजऱ्यांत त्या दिवशी 27 कॉन्डोर होते. जगात तेवढेच.

पकडण्याचा निर्णय योग्य होता असं मला वाटतं. नऊ पक्ष्यांच्या रानात शिसं पसरलेलं असताना वाट पाहणं म्हणजे एकेक मढं मोजत बसणं झालं असतं. पण ऑड्युबॉनची वाट दाखवण्याची शंका खरी ठरली, आणि ती खरी ठरेल हे तेव्हाच दिसत होतं. ती बाजू हरली म्हणून तिचं म्हणणं चुकीचं ठरत नाही.

वडीलधाऱ्यांविना वाढलेला थवा

पिंजऱ्यात प्रजननाला वेग आला. 1988 मध्ये पिंजऱ्यातल्याच जोडीचं पहिलं पिल्लू झालं. आज जिवंत असलेला प्रत्येक कॅलिफोर्निया कॉन्डोर चौदा मूळ पक्ष्यांचा वंशज आहे. त्यांच्यात एसी-8 चाही हिस्सा आहे. सॅन डिएगोच्या वन्यप्राणी पार्कात तिने आपली अंडी दिली आणि तिची पिल्लं वाढली.

बरीचशी पिल्लं मात्र आईबापांनी वाढवली नाहीत. अंडं काढून घेतल्यावर पिल्लू इनक्युबेटरमध्ये निघायचं, आणि माणसाची सवय लागू नये म्हणून त्याला भरवणारा पडद्याआड उभा राहून हातात कॉन्डोराच्या डोक्याची बाहुली घालायचा. नारिंगी कातडं, लाल डोळे, वाकडी चोच. युक्ती चांगली होती. तिच्यामुळे पिल्लांची संख्या वाढली यात शंका नाही. पण बाहुली रागावत नाही, हाकलत नाही, मढ्यावर आपला नंबर येईपर्यंत थांबायला लावत नाही. खऱ्या थव्यात थोरला कॉन्डोर धाकट्याला चोचीने ढकलून बाजूला करतो, पंख पसरून दरारा दाखवतो, आणि धाकटा शिकतो.

1992 मध्ये पहिले पक्षी व्हेंचुरा काउंटीतल्या सेस्पीच्या रानात सोडले. त्याच वर्षी एक गाडीतल्या अँटिफ्रीझच्या विषाने मेला. पुढे काही विजेच्या तारांना आपटून मेले. तरुण पक्षी खांबांवर जाऊन बसत, कारण बसायला खांब सोयीचे होते आणि तिथे बसू नये हे सांगणारं कुणी नव्हतं. अखेर पिंजऱ्यातच खोटे खांब उभे करून त्यावर बसलं की हलका विजेचा धक्का बसेल अशी सोय करावी लागली. सोडलेले पक्षी माणसांच्या वस्तीतही शिरत. 1999 मध्ये पाइन माउंटन क्लब या डोंगरातल्या वस्तीत तरुण कॉन्डोरांनी एका घरात घुसून गादी फाडली. ज्या गावात सगळेच विशीतले आणि चैत्रात कुठल्या विहिरीला पाणी टिकतं हे सांगणारं म्हातारं माणूस एकही नाही, तिथे काय होईल, ते त्या थव्यात होत होतं.

त्यांच्या खाण्याची सोय मात्र पक्की होती. दूधडेअऱ्यांतून मेलेली वासरं आणून ठरलेल्या जागी टाकली जात. हे अन्न शिशाशिवायचं, खात्रीचं. पक्षी त्याच जागेभोवती घुटमळत राहिले. त्याने जीव वाचला आणि हिंडणं थांबलं.

एप्रिल 2000

या पार्श्वभूमीवर 2000 च्या एप्रिलमध्ये एसी-8 ला सेस्पीजवळच्या होपर माउंटन अभयारण्याच्या परिसरात सोडलं गेलं. मूळ रानातून पकडलेला एखादा कॉन्डोर परत सोडण्याची ही पहिली वेळ. हे एवढं उशिरा का झालं, याचं उत्तर सरळ आहे: चौदा मूळ पक्ष्यांतला प्रत्येक जण वंशासाठी इतका मोलाचा होता की त्याला धोक्यात घालायला कुणी धजत नव्हतं. 2000 पर्यंत एसी-8 चे वंशज पुरेसे झाले होते आणि वयामुळे तिचं अंडी देणं थांबलं होतं. वंशाच्या हिशेबात तिचं काम झालं होतं.

थव्याच्या दृष्टीने तिचं काम आता सुरू व्हायचं होतं. तिला मुलूख आठवत असेल का, हे कुणीही खात्रीने सांगू शकत नव्हतं. चौदा वर्षं ती एका मोठ्या जाळीच्या आत होती. पंखावर बिल्ला आणि रेडिओ ट्रान्समीटर लावलेली ही म्हातारी बाहेर आली आणि काही काळाने ट्रान्समीटरचे संकेत ओळखीच्या ठिकाणांहून येऊ लागले. ती टेहॅचॅपीच्या डोंगरांकडे, तेहोनच्या गवताळ टेकड्यांकडे, 1980 च्या दशकात जिथे तिची नोंद झाली होती तिथे परतली. तरुण पक्षी वासरांच्या ठरलेल्या जागेभोवती फिरत असताना ती डोंगररांग ओलांडून तिच्या चरायच्या रानात पोचत होती.

मला या सगळ्या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोठा वाटतो. एका पक्ष्याने चौदा वर्षांच्या बंदिवासात आपला मुलूख डोक्यात तसाच जपून ठेवला होता. कुणी त्याची परीक्षा घेतली नव्हती, सराव करवला नव्हता. कॉन्डोराला आवाज काढणारा अवयवच नाही, तो फुसकारतो आणि गुरगुरतो एवढंच. त्यामुळे हे ज्ञान आवाजाने कुणाला देता येत नाही. ते देण्याची एकच रीत: पुढे उडायचं, आणि मागे कुणी असेल तर त्याने बघायचं.

2002 च्या मे महिन्यात एसी-9 लाही त्याच प्रदेशात सोडलं. नव्या थव्याच्या आकाशात आता जुन्या रानातला आणखी एक पक्षी होता.

शिसं

तेहोनला वराह आणि हरणं भरपूर, म्हणून शिकारीही भरपूर. शिकारी हरणाला गोळी घालतो, आतडी आणि कोथळा तिथेच टाकून मांस घेऊन जातो. जखमी होऊन पळालेलं एखादं जनावर दूर कुठेतरी मरतं. कॉन्डोरासाठी ही सगळी मेजवानी असते. शतकानुशतकं ती तशीच होती, फक्त आधी त्यात शिसं नव्हतं.

शिशाची गोळी जनावराच्या अंगात शिरली की एकसंध राहत नाही. ती फुटते. क्ष-किरणाच्या चित्रात हरणाच्या छातीच्या पिंजऱ्यात पांढरे ठिपके विखुरलेले दिसतात, शेकड्यांनी, गोळीच्या वाटेपासून बऱ्याच लांबपर्यंत. मोहरीहून लहान तुकडाही मांसाबरोबर गिळला जातो. कॉन्डोराच्या जठरातलं आम्ल हाडंही विरघळवेल इतकं तीव्र असतं, त्यात शिसं झपाट्याने विरघळतं आणि रक्तात जातं. मग पचनाचे स्नायू लुळे पडतात. गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली असते, पण अन्न पुढे सरकत नाही, आणि पोट भरलेला पक्षी उपासमारीने मरतो. पाय लुळे पडतात, मान लटकते. कॉन्डोर जमून खातात, त्यामुळे एकाच मढ्यावरून अनेकांना विषबाधा होते.

2002 च्या शरद ऋतूत एसी-8 च्या रक्तात शिशाचं प्रमाण धोक्याच्या फार वर गेलेलं आढळलं. तिला पकडून लॉस एंजेलिसच्या प्राणिसंग्रहालयात नेलं. इलाज म्हणजे शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधाची इंजेक्शनं, दिवसामागून दिवस. एका रानटी पक्ष्याला रोज धरायचं, दाबून ठेवायचं, सुई टोचायची. ज्यांनी हे केलं त्यांना त्याचा त्रास होत असणार, पक्ष्याला तर होतोच. ती वाचली. डिसेंबरात तिला पुन्हा सोडलं. ती पुन्हा तिच्या मुलखात गेली. सुमारे सात आठवड्यांनी ती मेली.

या घटनेचा अर्थ लावताना मी एका ठिकाणी थांबतो. तिला शिसं बाधलं ते ती खरी रानटी होती म्हणून. बाहुलीने वाढवलेले, वासरांवर जगणारे तरुण पक्षी या बाबतीत तिच्यापेक्षा सुरक्षित होते. तिला चांगलं चरायचं रान माहीत होतं, आणि चांगलं रान म्हणजे शिकारीचं रान. नोएल स्नायडर, ज्यांनी 1980 च्या दशकात रानातल्या अभ्यासाचं नेतृत्व केलं होतं, त्यांचा आक्षेपच हा होता की शिशाचा प्रश्न सोडवण्याआधी पक्षी सोडणं म्हणजे त्यांना विषात सोडणं आहे. पुढच्या वर्षांत संपूर्ण थव्यावर हेच घडताना दिसलं. पक्षी ठेवलेल्या अन्नावर कमी अवलंबून राहू लागले, स्वतः शोधून खाऊ लागले, तसा शिशाशी त्यांचा संबंध वाढला. रानात परतण्यातलं प्रत्येक यश विषाजवळ नेणारं पाऊलही ठरलं. थवा सुधारतोय हे मोजायची जी खूण, तीच त्याच्या मरणाचं कारण, हा या कार्यक्रमाचा सर्वांत अवघड पेच आहे, आणि एसी-8 ने तो सुरुवातीलाच भोगला.

गोळी

गोळी घालणारा माणूस डुकरांच्या शिकारीला आला होता. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला 20,000 डॉलर भरावे लागले. रक्कम कमी की जास्त, यावर तेव्हा बोललं गेलं. मला ती रक्कम मुद्द्याची वाटत नाही. जो पक्षी परत आणायला एका देशाने दोन दशकांहून जास्त काळ आणि कोट्यवधी डॉलर घातले, तो समोर बसलेला असताना बंदूकधाऱ्याने त्याला ओळखलं नसेल तर शिकाऱ्यांपर्यंत पोचण्याचं काम अपुरं राहिलं होतं, आणि ओळखून गोळी घातली असेल तर आणखीच वाईट.

तेहोन रँच 2,70,000 एकरांची. तिच्या चालकांनी 2008 पासून आपल्या जमिनीवर शिशाच्या गोळ्या वापरायला बंदी केली. कॅलिफोर्निया राज्याने 2007 मध्ये कायदा केला आणि 2008 च्या जुलैपासून कॉन्डोरांच्या मुलखात शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या बंद झाल्या. 2013 मध्ये ही बंदी सगळ्या राज्याला लागू करण्याचा कायदा झाला, तो 1 जुलै 2019 पासून पूर्ण अमलात आला. तांब्याच्या गोळ्या मिळतात, त्या फुटून विखुरत नाहीत, आणि त्यांनी शिकार होते. थोडक्यात, पर्याय हाताशी आहे. शिकाऱ्यांना कॉन्डोराशी वैर नाही. जिथे कुणीतरी शिकाऱ्याजवळ बसून, त्याच्या बंदुकीला बसणाऱ्या गोळ्या देऊन बोललं आहे, तिथे काम पुढे गेलं आहे. कायद्यापेक्षा माझा या कामावर जास्त विश्वास आहे, आणि दोन्ही लागतात.

आपल्याकडची गिधाडं

कॉन्डोर आणि आपली गिधाडं जवळचे नातलग नाहीत, पण मढ्यावर जगण्याची रीत एक आणि विष येतं तेही मढ्यातूनच. 1990 च्या दशकात भारतातली पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं शेकडा 95 हून अधिक संपली ती गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधाने. 2006 मध्ये त्याचा जनावरांसाठी वापर बंद झाला. तिथेही पर्याय हाताशी होता, मेलॉक्सिकॅम. तिथेही शेतकऱ्याचं गिधाडाशी काही वैर नव्हतं.

हरियाणातल्या पिंजोरला वाढवलेली गिधाडं 2024 मध्ये महाराष्ट्रात पेंच आणि ताडोब्याला आणली. तीही पिंजऱ्यात जन्मलेली तरुण पिढी. ही बातमी वाचताना मला 1992 चं सेस्पी आठवलं. आपल्याकडे मात्र एक गोष्ट अजून शिल्लक आहे जी कॅलिफोर्नियात 1987 च्या एप्रिलमध्ये संपली होती. रायगडात म्हसळा-श्रीवर्धनकडे, नाशिकच्या हरसूल भागात, गडचिरोलीत रानटी गिधाडं आहेत, मोजकी का होईना. त्या वसाहतींत जुने पक्षी आहेत, ज्यांना आपल्या भागातली गुरं कुठे टाकतात आणि कडे कुठे आहेत हे ठाऊक आहे. पिंजोरच्या पिल्लांइतकीच, किंबहुना त्यांहून जास्त, या वसाहतींची राखण व्हायला हवी. पिंजऱ्यात पिल्लं वाढवता येतात. पन्नास किलोमीटरवरचा चरायचा टापू माहीत असलेली मादी पिंजऱ्यात तयार होत नाही.

त्यानंतर

एसी-8 च्या मरणाने जुने पक्षी सोडायचं धोरण थांबलं नाही, आणि ते बरं झालं. एसी-4 हा नर 1985 मध्ये पकडला होता. पिंजऱ्यातल्या पहिल्या पिल्लाचा बाप तोच. त्याला तीस वर्षांनी, 2015 च्या डिसेंबरात, बिटर क्रीकच्या अभयारण्यातून सोडलं. वाढवण्याची रीतही बदलली. पिल्लं आता शक्यतो आईबापांकडेच वाढू देतात, आणि सोडण्याआधी मोठ्या जाळीत त्यांच्याबरोबर एखादा प्रौढ पक्षी ठेवतात, जो त्यांना मढ्याभोवतीची शिस्त लावतो. 2022 मध्ये यूरोक या मूळनिवासी जमातीने आपल्या पूर्वजांच्या मुलखात, उत्तर कॅलिफोर्नियाच्या रेडवुडच्या रानात कॉन्डोर परत आणले, तेव्हा चार तरुण पक्ष्यांबरोबर जाळीत 746 क्रमांकाचा आठ वर्षांचा नर ठेवला होता. तो त्यांना रांगेत खायला शिकवत होता, त्यांना हाकलत होता, गप्प बसवत होता. बाहुलीला न जमलेलं काम तो करत होता.

पण 746 ला रेडवुडचा मुलूख माहीत नव्हता. तोही पिंजऱ्यातच वाढलेला. तिथला मुलूख जाणणारा कॉन्डोर शतकभरापूर्वीच संपला होता. यूरोक पक्ष्यांना तो स्वतः शोधून, चुकत-माकत शिकावा लागतोय, आणि त्यांची पुढची पिढी तो त्यांच्याकडून शिकेल. 2025 च्या जानेवारीत त्यांच्यातला दीड वर्षांचा एक पक्षी शिशाच्या विषबाधेने मेला.

2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार दर वर्षी मोकळ्या पक्ष्यांपैकी सुमारे वीस टक्क्यांच्या रक्तात उपचार करावा लागेल इतकं शिसं सापडत होतं. उपचाराची पातळी त्यात 45 मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर धरलेली, आणि माणसाच्या लहान मुलाबाबत अमेरिकेत आज 3.5 हा आकडा ओलांडला तरी काळजी सुरू होते. त्याच अभ्यासात हेही दाखवलं होतं की ही धरपकड, तपासणी आणि औषधं बंद केली तर संख्या पुन्हा घसरू लागेल. म्हणून आजही कॅलिफोर्निया, ॲरिझोना आणि युटात मोकळे कॉन्डोर वर्षातून एकदोनदा वासराच्या आमिषाने जाळीत घेतले जातात, पायातून रक्त काढलं जातं, आकडा जास्त निघाला तर प्राणिसंग्रहालयाची गाडी निघते. एसी-8 ची 2002 ची ती वारी आता शेकडो पक्ष्यांच्या नेहमीच्या जगण्याचा भाग झाली आहे.